पाणी रात्री वाढतं, पेपर सकाळी येतो: जिल्हा आवृत्ती डिजिटल करताना निर्णय कुणाच्या हाती द्यावेत

कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये दोन आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सांगलीकरांना आयर्विन पुलाचे ४० आणि ४५. पाणी इशाऱ्याकडे सरकू लागलं की सुतारवाड्यातली माणसं सामान बांधायला घेतात, प्रयाग चिखली आणि आंबेवाडीत जनावरं हलवायची घाई सुरू होते. पाणी काही पेपरच्या वेळा पाहून चढत नाही. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे मध्यरात्रीही उघडतात, आणि पेपर दारात पडतो सकाळी सहाला.

मी बरीच वर्षं जिल्हा आवृत्तीत काढली. एका पावसाळ्यात रात्री पावणेअकराला आमच्या वार्ताहराने नदीकाठावरून दोन फोटो आणि चार ओळी पाठवल्या. पाणी रस्त्यावर आलंय, बॅरिकेड अजून लागलेलं नाही. डेस्कवरच्या उपसंपादकाने पाच मिनिटांत कॉपी नीट केली. पण वेबसाइटवर टाकायला वरून होकार लागायचा. आवृत्तीप्रमुख प्रवासात होते, फोन लागेना. मुख्यालयातल्या डिजिटल डेस्कला त्या रस्त्याचं नाव ठाऊक नव्हतं. त्यांनी 'कन्फर्म करा' एवढा मेसेज टाकला आणि पाळी बदलली. बातमी लागली सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. त्याआधी पहाटे त्याच रस्त्याने निघालेली दुधाची गाडी पाण्यात अडकली होती. ड्रायव्हरला गावातल्या पोरांनी दोर टाकून बाहेर काढलं. तो वाचला, पण तो प्रसंग मला आजही बोचतो. आमच्याकडे वेबसाइट होती, अ‍ॅप होतं, फोटो होता, काठावर उभा असलेला माणूस होता. ज्याला खरी माहिती होती त्याच्या हातात बटण नव्हतं.

स्थानिक दैनिकाचं डिजिटल होणं म्हणजे काय, हे मला त्या रात्री कळलं. बातमीच्या सर्वांत जवळ जो आहे, त्याच्याकडे निर्णय नेता आला पाहिजे. बाकी सॉफ्टवेअर, कॅमेरे, स्टुडिओ हे सगळं त्यामागून येतं. हे कसं करायचं ते पायरीपायरीने सांगतो. डोळ्यांपुढे आहे ती डेस्कवर सात-आठ माणसं, पंधरा-वीस तालुका वार्ताहर आणि वेबसाइट सांभाळणारा एकच पोरगा असलेली आवृत्ती. पश्चिम महाराष्ट्रातली उदाहरणं देतोय कारण ती मला जवळून माहीत आहेत. विदर्भात पाणी-पावसाच्या जागी कापूस-सोयाबीन घ्या, नाशिककडे कांदा घ्या.

पहिली पायरी: पंधरा दिवस वही ठेवा

काहीही विकत घेण्याआधी, कुणालाही नेमण्याआधी डेस्कवर एक शंभर पानी वही ठेवा. रोजच्या दहा बातम्यांची नोंद करा. घटना कधी घडली, वार्ताहराने कधी पाठवली, डेस्कने कधी उघडली, कुणाच्या होकारासाठी थांबली, वेबवर कधी लागली, पानावर गेली की नाही. सहा रकाने पुरे.

माझ्या पाहण्यातल्या प्रत्येक वहीत एकच गोष्ट दिसली. बातमी लिहायला वीस मिनिटं लागतात आणि ती वाट पाहण्यात चार-चार तास घालवते. दुसरं जे दिसतं ते म्हणजे दुहेरी-तिहेरी मेहनत. वार्ताहर मोबाइलवर लिहितो, डेस्कवर ती पानासाठी पुन्हा टाइप होते, वेबवाला तिसऱ्यांदा टाइप करतो आणि तीन ठिकाणी तीन वेगळी आडनावं छापली जातात.

ही वही कुणाची हजेरी घेण्यासाठी नाही, हे पहिल्या दिवशी सगळ्यांना बसवून सांगा. नाहीतर वेळा खोट्या लिहिल्या जातील आणि पंधरा दिवस वाया जातील.

दुसरी पायरी: फॉन्टचा प्रश्न मिटवा

याला कुणी डिजिटल धोरण म्हणत नाही, पण मराठी दैनिकांची निम्मी गाडी इथेच रुतलेली असते. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, आयएसएम अशा फॉन्टांवर आणि सॉफ्टवेअरवर आपल्या दोन पिढ्यांनी टायपिंग केलं. त्या काळी ते वरदानच होतं. पण यांतल्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर पडद्यावर फक्त दिसतं. आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तोच मजकूर मोबाइलवर उघडा, नुसता काला दिसेल. गुगलला तो शोधता येत नाही, आणि आपल्याला स्वतःच्या संग्रहातही 'शिरोली' टाकून जुनी बातमी सापडत नाही.

कन्व्हर्टर मिळतात, वापरावेही लागतात. पण ते रफारावर आणि जोडाक्षरांवर घसरतात. 'वाऱ्यामुळे'चं 'वार्यामुळे' होतं, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं. वाचकाला वाटतं यांना साधं मराठी येत नाही. म्हणून कन्व्हर्टर हा तात्पुरता पूल समजा आणि एक तारीख ठरवा. त्या तारखेनंतर आवृत्तीत येणारा प्रत्येक शब्द युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर मराठीच राहणाऱ्या मानक पद्धतीत, आला पाहिजे.

सर्वांत जास्त विरोध संगणकावर टायपिंग करून पानं लावणाऱ्या डीटीपी विभागातून येईल, आणि त्यांचं म्हणणं रास्त असतं. वीस वर्षं ज्याची बोटं एका कीबोर्डवर बसली, त्याला इन्स्क्रिप्ट हा वेगळा कीबोर्ड शिकायला लावलं की वेग अर्ध्यावर येतो आणि पान लावायची डेडलाइन काही पुढे सरकत नाही. त्यावर दोन उपाय. जुनाच कीबोर्ड ठेवून युनिकोड टाइप करू देणारी साधनं मिळतात, ती आधी बसवा. आणि पहिला महिनाभर त्या माणसाचं एक पान कमी करा. पान लावण्याचं सॉफ्टवेअरही तपासा. जुन्या पेजमेकरमध्ये युनिकोड चालत नाही. इनडिझाइनमध्ये चालतं, पण परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडावा लागतो. तो न निवडल्यामुळे वेलांट्या उलट्या पडल्या आणि 'युनिकोड छपाईला चालत नाही' असं म्हणून लोक परत जुन्या फॉन्टवर गेले, असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

तालुका वार्ताहरांचं काम यापेक्षा सोपं आहे. त्यांतले बरेच जण मोबाइलवर युनिकोडमध्येच लिहितात, काही जण बोलून टाइप करतात. बोलून टाइप केलेल्या मजकुरात गावांची आणि माणसांची नावं हमखास बिघडतात. जिल्ह्यातल्या सगळ्या गावांची शुद्ध यादी एकदा करून प्रत्येकाच्या फोनमध्ये द्या.

तिसरी पायरी: विषयाची तुकडी, तुकडीचा विषय

अमेरिकेत २०१५ साली नाइट फाउंडेशनच्या मदतीने 'टेबल स्टेक्स' नावाचा उपक्रम सुरू झाला. डॅलस, मायामी, मिनियापोलिस आणि फिलाडेल्फिया इथल्या चार शहरी दैनिकांपासून. त्यातली एक कल्पना मला आपल्याकडे सर्वांत उपयोगी वाटते. एका विशिष्ट वाचकवर्गासाठी एक छोटी तुकडी, आणि ती तुकडी त्या विषयाची जणू प्रकाशकच. काय द्यायचं, कधी द्यायचं, कुठे द्यायचं आणि त्यातून वाचक वाढतात का, हे सगळं तिनेच पाहायचं.

आपल्याकडची रचना बहुधा तालुक्यावर असते. करवीरचा वार्ताहर, शिरोळचा वार्ताहर. वाचकाची गरज मात्र तालुक्याच्या हद्दीत मावत नाही. शिरोळच्या शेतकऱ्याला कोयनेच्या विसर्गाचीही काळजी असते आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाणीपातळीचीही.

सुरुवातीला तीनच तुकड्या करा, चौथी नको. एक पाऊस-पाण्याची. दुसरी ऊस, गूळ आणि बाजारभावाची. तिसरी शाळा, निकाल आणि नोकरभरतीची. प्रत्येक तुकडीत चार-पाच माणसं: एक शहर बातमीदार, दोन तालुका वार्ताहर, एक उपसंपादक, जमल्यास एक छायाचित्रकार. तुकडीचा प्रमुख वयाने मोठा असलाच पाहिजे असं नाही. विषय ज्याला कळतो तो प्रमुख. मी पाहिलेली सर्वांत चांगली बाजारभाव तुकडी पंचविशीतल्या एका मुलीने चालवली. तिचे वडील अडत्याकडे दिवाणजी होते, आणि तिला पट्टी, म्हणजे मालविक्रीच्या हिशेबाचा कागद, वाचता येत होती.

पाऊस-पाण्याच्या तुकडीचं काम जरा जवळून दाखवतो, म्हणजे बाकीच्यांचा अंदाज येईल.

या तुकडीचं वेबसाइटवर एकच पान असतं, त्याचा पत्ता हंगामभर बदलत नाही. रोज नवी बातमी टाकून 'पंचगंगेच्या पातळीत वाढ', 'पंचगंगेच्या पातळीत पुन्हा वाढ' असे मथळे रचत बसायचं नाही. त्या एका पानावर सगळ्यांत वर ताजी पातळी, मोजणीची वेळ, मागच्या मोजणीपेक्षा किती फरक, पाण्याखाली गेलेले बंधारे आणि बंद रस्ते, पर्यायी रस्त्यांसकट. खाली धरणांचा साठा आणि विसर्ग. पाणी इशारा पातळीच्या खाली असताना दिवसातून तीनदा, वर गेलं की दर तासाला. रात्रीची पाळी आधीच वाटून घेतलेली.

आता एक बारीक गोष्ट. पातळी फूट आणि इंचात येते. जिल्हा प्रशासनाच्या मेसेजमध्ये कधी ती '४०.५' अशीही लिहिलेली असते. याचा अर्थ ४० फूट ५ इंच. वाचक, आणि कधी कधी मुख्यालयातला डेस्कही, तो आकडा दशांश समजतो. पुढच्या तासाला '४०.११' आलं की गोंधळ वाढतो, कारण तो आकडा वाढला की कमी झाला हेच कळत नाही. म्हणून अशा एका तुकडीने पहिल्या दिवशी नियम केला: आकडा नेहमी '४० फूट ५ इंच' असा पूर्ण लिहायचा. हा नियम शंभर किलोमीटरवरच्या डिजिटल प्रमुखाला सुचला नसता. तो सुचला रात्री दोन वाजता लोकांचे फोन घेणाऱ्या वार्ताहराला, आणि त्याला कुणाला न विचारता तो लागू करता आला. मी स्वायत्तता म्हणतो ती याला.

बाजारभावाच्या तुकडीलाही असंच एक टिकाऊ काम द्या. ऊस गाळपाला गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, देणं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार बंधनकारक आहे. पुण्याचं साखर आयुक्तालय हंगामात थकबाकीची माहिती देत असतं. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक कारखान्याचा तक्ता हंगामभर चालू ठेवला, तर शेतकरी पुन्हा पुन्हा तिथे येतो. आंदोलनाच्या दिवशी तीन कॉलम फोटो छापून विषय सोडून देण्यापेक्षा याचं मोल कितीतरी जास्त आहे.

चौथी पायरी: अधिकारपत्र लिहून भिंतीवर लावा

सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच, आणि हीच टाळली जाते. संपादक बैठकीत 'तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे' असं म्हणतात. मग पहिली चूक झाली की 'मला विचारलं का नाही' येतं. त्या एका वाक्यानंतर सहा महिने कुणी काही निर्णय घेत नाही. म्हणून तोंडी मोकळीक नको. एका पानावर लिहा, संपादकांची सही घ्या, डेस्कच्या भिंतीवर लावा. बातम्यांचे तीन गट करा.

स्वतः लावायच्या बातम्या: नदीची पातळी, धरणसाठा, बंद रस्ते, बाजारभाव, वीज आणि पाणीपुरवठा, शाळांच्या सुट्ट्या, एसटी फेऱ्या, अधिकृत निकाल. अट एकच, माहिती अधिकाऱ्याकडून किंवा स्वतःच्या डोळ्यांनी घेतलेली असावी आणि बातमीत ते लिहिलेलं असावं.

दोघांनी पाहून लावायच्या बातम्या: अपघात, गुन्हे, मृतांची संख्या, कुणावर आरोप असलेली कुठलीही बातमी, सोशल मीडियावरून आलेला व्हिडिओ. दुसरा माणूस म्हणजे वरिष्ठच असं नाही. तुकडीतला किंवा डेस्कवरचा कुणीही, ज्याने मूळ कॉपी लिहिलेली नाही. त्याने पंधरा मिनिटांत उत्तर दिलं नाही तर तिसऱ्याकडे जायचं, आणि तो तिसरा कोण हेही कागदावर लिहिलेलं हवं. मृतांचं नाव घरच्यांना कळल्याची खात्री होईपर्यंत थांबायचं.

थांबायच्या बातम्या: जातीय किंवा धार्मिक तणाव, आत्महत्या, लैंगिक अत्याचार, अल्पवयीन मुलांशी संबंधित गुन्हे, कोर्टात चालू असलेली प्रकरणं. इथे संपादकांचा होकार हवाच. पीडितेची ओळख उघड करण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने मनाई आहे. बालक पीडित असेल तर बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याचं कलम २३ लागू होतं. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांसाठी बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ आहे. ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. दोन हजार वस्तीच्या गावात 'अमुक गल्लीतल्या किराणा दुकानदाराची नववीतली मुलगी' एवढं छापलं की सगळं गाव ओळखतं. शहरातल्या डेस्कला हे चटकन जाणवत नाही, गावच्या वार्ताहराला जाणवतं. त्यामुळे या गटात संपादकांचा होकार लागतो तसा वार्ताहराचा नकारही चालला पाहिजे. 'ही बातमी अशी लावू नका' असं तो म्हणाला, तर ती लागणार नाही.

हेच अधिकार सॉफ्टवेअरमध्येही उतरवा. अनेक छोटी संकेतस्थळं वर्डप्रेसवर चालतात. तिथे 'कॉन्ट्रिब्युटर'ला फक्त मसुदा करता येतो, 'ऑथर'ला स्वतःची बातमी प्रसिद्ध करता येते, 'एडिटर'ला सगळ्यांचीच. तुकडीतल्या माणसाला कॉन्ट्रिब्युटर ठेवून स्वायत्तता दिली म्हणण्यात अर्थ नाही. आणि एकच पासवर्ड दहा जणांत फिरतो ती पद्धत त्याच दिवशी बंद करा. कोणी काय बदललं ते कळलं नाही तर विश्वास टाकायला आधारच राहत नाही.

पाचवी पायरी: घड्याळ हलवा

मराठी दैनिकाचा दिवस दुपारी चारच्या मीटिंगला सुरू होतो, रात्री तापतो आणि पान सुटलं की संपतो. वाचक मात्र मोबाइल उघडतो सकाळी उठल्या उठल्या, दुपारी जेवणानंतर आणि रात्री झोपण्याआधी. सकाळी साडेआठला तुकडीप्रमुखांचा दहा मिनिटांचा फोन ठेवा. रात्री काय झालं, आज दुपारपर्यंत वाचकाला काय लागेल, एवढंच. चारची मीटिंग छापील पानासाठी राहू द्या.

रात्री दोनपर्यंत पान लावणाऱ्या माणसाला सकाळी साडेआठला बोलावून हे होणार नाही. तसं केलं तर दोन महिन्यांत माणसं आजारी पडतील किंवा सोडून जातील. एक माणूस सकाळचा, एक रात्रीचा. तेवढी माणसं नसतील तर पहिल्या हंगामात एकच तुकडी चालवा.

सहावी पायरी: व्हॉट्सअ‍ॅप, पण ग्रुप नव्हे

स्थानिक बातमी फिरते ती व्हॉट्सअ‍ॅपवर, यात वाद नाही. तालुक्या-तालुक्याचे ग्रुप काढून बघितलेत बहुतेकांनी. ग्रुपला १०२४ जणांची मर्यादा आहे, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, त्यामुळे बायका लवकर बाहेर पडतात आणि उरलेल्यांत वाढदिवसाचे बॅनर सुरू होतात. भारतात सप्टेंबर २०२३ पासून व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल आलंय. त्यात वाचकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत आणि बोलतो फक्त आपण. प्रत्येक तुकडीचं स्वतःचं चॅनेल असू द्या आणि चालवायचा अधिकारही तुकडीकडेच. पाण्याच्या चॅनेलवर फक्त पाणी. तिथे नेत्याच्या सत्काराचा फोटो टाकला की वाचक गेला म्हणून समजा.

चॅनेलवर टाकलेला मेसेज स्वतःत पूर्ण हवा. 'पंचगंगेबाबत मोठी बातमी, वाचण्यासाठी क्लिक करा' असं लिहिणं म्हणजे पुराच्या काठी उभ्या माणसाला ताटकळत ठेवणं. पातळी, वेळ, रस्ता मेसेजमध्येच लिहा आणि खाली पानाचा दुवा द्या. प्रत्येक मेसेजवर तारीख आणि वेळ हवीच. पुराच्या दिवसांत मागच्या वर्षीचे मेसेज आणि 'धरण फुटलं'च्या अफवा फिरायला लागतात, तेव्हा तारीख-वेळ असलेला मेसेजच लोक एकमेकांना दाखवतात.

सातवी पायरी: चुकीची तयारी आधी करा

माणसांच्या हाती निर्णय दिले की चुका होणार. ठरवायचं एवढंच की चूक झाल्यावर काय करायचं. बातमी गुपचूप बदलायची नाही किंवा काढून टाकायची नाही. वर लिहायचं: 'आधी या बातमीत पातळी चुकीची दिली होती, ती ११ वाजून २० मिनिटांनी दुरुस्त केली.' चॅनेलवर चूक गेली असेल तर दुरुस्तीही चॅनेलवरच जायला हवी, फक्त वेबसाइटवर नाही. पहिल्यांदा ही ओळ लिहिताना डेस्कचे हात थरथरतात. नंतर वाचकच फोन करून चुका सांगू लागतात, आणि ती मोठी कमाई असते.

माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ मध्ये डिजिटल बातम्या देणाऱ्यांसाठी तक्रार निवारण अधिकारी नेमणं आणि १५ दिवसांत तक्रारीवर निर्णय देणं सांगितलं आहे. आचारसंहितेबाबतच्या ९(१) आणि ९(३) या उपनियमांना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली होती. कोर्टकचेरीचं काहीही होवो, तक्रार घेणाऱ्या माणसाचं नाव आणि ईमेल संकेतस्थळावर ठळक असावं असं माझं मत आहे. छापील बाजूने २०२३ चा प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे, त्याची कागदपत्रंही एकदा वकिलाकडून पाहून घ्या.

महिन्यातून एकदा चुकांची बैठक घ्या. तिचा नियम एकच: कोणी चूक केली हे नाही, चूक कुठल्या टप्प्यावर सुटली हे बोलायचं. आणि पहिली चूक संपादकांनी स्वतःची सांगायची.

आठवी पायरी: पैसा आणि पाठीशी उभं राहणं

हे बोलायला अवघड आहे, पण टाळून चालणार नाही. बहुतेक ठिकाणी तालुका वार्ताहर पगारी नसतो. थोडं मानधन आणि जाहिरातीवरचं कमिशन, एवढ्यावर तो काम करतो. वर्धापनदिनाच्या पुरवणीचं टार्गेट त्याच्याच डोक्यावर असतं. ज्या सरपंचाकडून, ज्या कारखान्याकडून जाहिरात आणायची त्याच्याचविरुद्ध बातमी लिहायची. अशा माणसाला 'आता तू स्वतंत्र आहेस, रात्री अकरालाही बातमी लाव, व्हिडिओही कर' असं सांगणं म्हणजे स्वायत्ततेच्या नावाखाली फुकटचं काम वाढवणं आहे.

तुकडीत घेतलेल्या वार्ताहराचं जाहिरातीचं टार्गेट काढून घ्या. सगळ्यांचं जमत नसेल तर निदान या पाच-सहा जणांचं. त्यांना ठरलेलं मासिक मानधन, मोबाइल डेटाचा खर्च आणि रात्रपाळीचा वेगळा भत्ता द्या. हंगामात रोज हजारो लोक उघडतात अशा पाण्याच्या पानाला दुकानदार, क्लासवाले, पंपवाले जाहिरात देतात. ती मात्र जाहिरात विभागाने आणायची, वार्ताहराने नाही.

आणि धोका. निर्णय गावात गेला की रागही गावातच येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीने चिरडण्यात आलं आणि त्यांचा जीव गेला. रिफायनरीच्या वादाबद्दल ते लिहीत होते. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये कायदा मंजूर केला, पण त्याचा आधार घ्यायला पाठीशी संस्था लागते. म्हणून अधिकारपत्रावर शेवटी एक ओळ हवी: नियम पाळून लावलेल्या बातमीवरून नोटीस आली, धमकी आली, तर वकील आणि खर्च संस्थेचा. वार्ताहराकडे ओळखपत्र, लेखी नियुक्तिपत्र आणि रात्रीही उचलला जाईल असा एक फोन नंबर असलाच पाहिजे. हे देता येत नसेल तर त्याच्याकडून स्वतंत्र निर्णयाची अपेक्षा करू नये.

नववी पायरी: कोणते आकडे पाहायचे

एकूण पेज व्ह्यूजच्या मागे लागलं की तुकडी हळूहळू सिनेनट्यांच्या फोटोंकडे वळते. तीन गोष्टी पाहा. जिल्ह्यातले किती वाचक आठवड्यात तीनदा तरी परत आले. घटना घडल्यापासून बातमी लागायला किती वेळ गेला (वही चालू ठेवा). आणि वाचकांचे फोन-मेसेज किती आले, त्यातून किती बातम्या निघाल्या. आकडे तुकडीने स्वतः पाहायचे, दर सोमवारी. मुख्यालयातून रंगीत तक्ता पाठवून जाब विचारला, की मोकळीक संपली.

ज्यांना वाटतं हे मोठ्या शहरांत आणि मोठ्या भांडवलावरच जमतं, त्यांनी बुंदेलखंडातल्या 'खबर लहरिया'कडे पाहावं. २००२ मध्ये चित्रकूटला ग्रामीण बायकांनी छापील पत्र म्हणून ते सुरू केलं आणि पुढे पूर्ण डिजिटल झालं. त्याच बायका बातमी शोधतात, मोबाइलवर चित्रित करतात, कॅमेऱ्यासमोर सांगतात.

कधी सुरू करायचं

मार्चमध्ये. वही मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, फॉन्ट एप्रिलअखेर, तुकडी आणि अधिकारपत्र मेच्या मध्यापर्यंत. मग मेच्या शेवटच्या आठवड्यात एक रंगीत तालीम घ्या. कुणाला आधी न सांगता रात्री साडेदहाला एका तालुका वार्ताहराला फोन करा: 'समज, पातळी ३९ फुटांवर गेली आणि शिये-कसबा बावडा रस्त्यावर पाणी आलं. काम सुरू कर.' संपादकांनी स्वतःचा फोन बंद ठेवायचा. चाचणीच्या पानावर बातमी, चॅनेलचा मसुदा आणि दुसऱ्या माणसाची तपासणी, सगळं व्हायला किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून मोजा. एका आवृत्तीत पहिल्या तालमीला ५२ मिनिटं लागली, कारण वार्ताहराला पासवर्डच आठवेना. तिसऱ्या तालमीला ९. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी पहिला जोरदार पाऊस आला.